अंकोरवाटच्या पलीकडे

प्रश्न : सोयाबीन निघालं की नोव्हेंबरात आम्ही घरचे चौघं कंबोडियाला जातोय. अंकोरवाट तर पाहूच, पण गर्दीपासून दूर काय आहे? आई माळकरी आहे.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सांबोर प्रेई कुक आधी पाहा. सातव्या शतकातली ही ईशानपुर राजधानी. २०१७ पासून जागतिक वारसा. मार्कंड्याची दगडी देवळं पाहिलेल्यांना इथले विटांचे अष्टकोनी मनोरे वेगळे वाटतील. काही मनोऱ्यांना तर झाडाच्या मुळांनीच धरून ठेवलंय. अंकोरवाटजवळचं सिएम रीप ते राजधानी नॉम पेन्ह या रस्त्यावरच्या काम्पाँग थॉमला मुक्काम करा, तिथून टुकटुकने सुमारे ३० किलोमीटर. सकाळीच निघा, दुपारी ऊन भाजतं.

दिवस हाताशी असेल तर कोह केर या दुसऱ्या जुन्या राजधानीतला ३६ मीटर उंच पायऱ्यांचा पिरॅमिड. तिथे मळलेली वाट सोडू नका. त्या भागात युद्धकाळात सुरुंग पेरले होते.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जराशी फाटलेलीही घेत नाहीत. सुट्टे तिथल्या चलनात, रिएलमध्ये परत मिळतात.

आईंचं जेवण हीच खरी अडचण. भाजीतही माशाचा रस किंवा प्राहोक, म्हणजे आंबवलेला मासा, पडतो. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'मासाही नको' हे तिथल्या ख्मेर भाषेत लिहून घ्या. चिवडा, दशम्या सोबत असू द्याच.