कलादालन नाही, दुकानं आहेत

प्रश्न : ताई, आम्ही सावंतवाडी परिसरातले सात-आठ चित्रकार. काही जण सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात शिकलेले, काही स्वतःच धडपडून शिकलेले. मुंबईत जहांगीर कलादालनाची तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. मिळाली तरी भाडं, टेम्पो, मुक्काम हे सगळं आवाक्याबाहेरचं. इथल्या बाजारपेठेतले एक साडीवाले, एक स्टेशनरीवाले आणि एक खानावळवाले म्हणतात, "आमच्याकडे लावा की चित्रं." पण आमच्यातल्या काहींना वाटतं की दुकानात लावलं की चित्राचा शोपीस होतो. शिवाय दोघांचं काम अमूर्त, म्हणजे ओळखीचे आकार नसलेलं आहे. लोक हसले तर?
– एक कलाशिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : लावा. आणि 'गॅलरी नाही म्हणून दुकान' असा सूर आधी मनातून काढून टाका, कारण तो सूर चित्रांच्या मांडणीतही उतरतो.

मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेचा एक धागा तर एका दुकानाच्या काचेआडूनच सुरू झाला आहे. केकू गांधी यांनी 1941 मध्ये फ्रेमांचा व्यवसाय सुरू केला. केमोल्ड हे त्याचं नाव. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानात फ्रेमा दाखवायला चित्रं लागायची, म्हणून ते तरुण चित्रकारांची चित्रं शोकेसमध्ये लावू लागले. आरा, हेब्बर, हुसेन ही मंडळी तेव्हा अजून मोठी व्हायची होती. जहांगीर कलादालन 1952 मध्ये उघडलं आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर केमोल्डची गॅलरी 1963 मध्ये. म्हणजे दुकान आधी, दालन मागून.

कोचीचंही तसंच. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघंही चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी 12 डिसेंबर 2012 रोजी तिथली पहिली बिनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) उघडली ती मसाल्याच्या व्यापारातल्या जुन्या वखारींमध्ये. आस्पिनवॉल हाउस हे एका व्यापारी कंपनीचं, आणि पेपर हाउसमधला 'पेपर' म्हणजे मिरी. नावंच सांगतात तिथे आधी काय चालायचं ते. त्या जागा रंगवून पांढऱ्याशुभ्र केल्या असत्या, तर निम्मी मजा गेली असती.

तुमच्या गावाला तर हे नवीनही नाही. चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी रंगतात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार बसलेले असतात, बघणारे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतात. दशावतारी गंजिफाचा संच 120 पानांचा. एवढ्याशा गोल पानावर मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार ओळखणारी माणसं तुमच्या बाजारपेठेत राहतात. त्यांना चित्र कळणार नाही असं समजू नका.

आता अमूर्त चित्रांचं. ती साडीच्या दुकानात लावा, दुसरीकडे कुठेही नको.

कारण सांगते. साडीच्या दुकानात बायका काय करतात ते नीट बघा. गादीवर पंधरा साड्या पसरलेल्या असतात. एखादी बाई त्यातली एक उचलते, म्हणते, "ही जरा उजेडात दाखवा," आणि दुकानाच्या दाराशी जाऊन उभी राहते. मग पदर काठावर धरून बघते. "हा राणी कलर ट्यूबलाइटखाली वेगळा दिसत होता." "काठ उठून दिसतो, पण अंग फिकं पडतंय." "दोन्ही गडदच झाले, मध्ये काहीतरी हवं होतं." रंगाशेजारी रंग आला की काय होतं, प्रकाश बदलला की काय होतं, पोत जवळून कसा आणि लांबून कसा, हे सगळं ती बोलत असते. त्यात चित्र 'कशाचं' आहे हा प्रश्नच येत नाही. अमूर्त चित्रासमोर उभं राहायला हीच नजर लागते आणि ती त्या दुकानात रोज वापरात आहे. चांगल्या शिकलेल्या माणसांना मी कलादालनात अमूर्त चित्रापुढे ओशाळून उभं राहिलेलं पाहिलंय, कारण तिथे बोलायची भीती वाटते. साडीच्या दुकानात बोलायची भीती कुणालाच वाटत नाही.

म्हणून तुमच्या त्या दोघांपैकी एकाने तरी संध्याकाळी दुकानात बसावं. समजावून सांगायला नको, नुसतं ऐकायला. कुणी हसलंच तर विचारावं, "यातला कुठला रंग खटकतो?" उत्तर नक्की मिळेल.

आता थोडं कामाचं. साडीच्या दुकानात भिंत नावालाच असते, सगळीकडे फळ्या आणि कपाटं. खिळा ठोकायला जागा नसते आणि मागू पण नका. पोटमाळ्याच्या कडेला किंवा छताखालच्या पाइपाला दोन जाड नायलॉनच्या दोऱ्या बांधून चित्र सोडायचं. फ्रेमला मागून दोन कड्या, वरून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे चित्र पुढे झुकत नाही. दालनात चित्राचा मध्य साधारण 145 ते 150 सेंटिमीटर उंचीवर ठेवतात. पण इथे लोक गादीवर बसून बघणार, तेव्हा समोरच्या बाजूची चित्रं चांगली फूटभर खाली घ्या. पंख्याचा वारा कुठे लागतो ते लावण्यापूर्वी बघा, कारण गिरकी घेणारं चित्र कुणी बघत नाही. काच शक्यतो टाळा. कॅनव्हास आणि अ‍ॅक्रिलिक इथे, काचेतली जलरंगचित्रं स्टेशनरीवाल्यांकडे.

खानावळीत मात्र मी मूळ चित्रं लावणार नाही. वाफ, फोडणीचा धूर, तेलकट हात. तिथे छापचित्रांच्या प्रती किंवा मातीची, लाकडाची कामं ठेवा. ओल्या फडक्याने पुसता येतील अशी.

चिठ्ठ्या मराठीत, ठळक अक्षरात : नाव, माध्यम, आकार, किंमत. किंमत लिहाच. दुकानात प्रत्येक वस्तूला किंमत असते. एकट्या चित्राची झाकली, तर 'हे आपल्यासाठी नाही' असंच लोक समजतात. आणि 'शीर्षकविरहित 3' असलं काही लिहू नका, त्यापेक्षा नुसतं माध्यम लिहिलेलं बरं.

प्रश्न : माझं वाईत कापडाचं दुकान आहे. एका तरुण चित्रकर्तीने शोकेसची पंधरा दिवसांसाठी मागणी केली आहे. तिला तिथे जुन्या साड्या आणि शिवणाच्या मशीनचे भाग वापरून एक मांडणीशिल्प करायचं आहे. मुलगी गुणी आहे, मला नाही म्हणवत नाही. पण लग्नसराई तोंडावर आहे. मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची? कमिशन घ्यावं का?
– एक दुकानदार, वाई

उत्तर : काका, तुमच्या पत्रातलं 'नाही म्हणवत नाही' हे वाचून फार बरं वाटलं. पण पंधरा दिवस लग्नसराईत देऊ नका. चौथ्या दिवशी तुम्हाला शोकेसमध्ये शालू लावावासा वाटेल, तुम्ही तिचं काम 'जरासं बाजूला' साराल, आणि दोघांचाही विरस होईल. तिला सराई उलटल्यावरची तारीख द्या. मात्र एकदा दिली की त्या काचेवर सेलचा कागदसुद्धा चिकटवायचा नाही.

एक साधा कागद करा. कोणत्या वस्तू आत आल्या, कोणत्या स्थितीत, त्यांचे फोटो, कधी लावायचं, कधी काढायचं, वीज किती वेळ चालू, किल्ली कोणाकडे. तुमच्या माणसांकडून मोडलं तर तुम्ही, मांडणी आपोआप कोसळली तर ती. दोघांच्या सह्या. मोठ्या गॅलऱ्या विक्रीवर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम घेतात, पण त्यात जाहिरात, ग्राहक, देखभाल हे सगळं येतं. तुम्ही दहा टक्के घ्या किंवा काहीच घेऊ नका. पण ते आधी ठरवा.

आणि तिला रात्री दुकान बंद झाल्यावरचाही विचार करायला सांगा. शटर खाली आलं की शोकेस दिसत नाही. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी तर शटरवरच चित्रं केली. 'महालक्ष्मी' या त्यांच्या कामात शटरवर कॅलेंडरातल्यासारखी लक्ष्मी आहे, आणि शटर वर सरकवलं की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. घाटकोपरच्या गल्ल्यांमधली दुकानं लहानपणापासून बघणाऱ्या माणसालाच हे सुचावं. तुमचं शटर रोज सकाळी किती जणांसमोर वर जातं? तिला विचारा, कदाचित त्याचंही ती काही करेल.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात दुकानात लावलेल्या माझ्या जलरंगचित्रांवर काचेच्या आत बुरशीचे ठिपके आले. उपाय?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ठिपके स्वतः पुसायला जाऊ नका, कागद सोलतो. चित्र फ्रेममधून काढा आणि कोरड्या, हवेशीर, सावलीच्या खोलीत दोन दिवस ठेवा. मागचा पुठ्ठा आणि माउंट (चित्राभोवतीची कागदी चौकट) फेकून द्या, बुरशी त्यांच्यातच जास्त असते. नवं माउंट आम्लविरहित कागदाचं घ्या, कागद काचेला चिकटणार नाही इतकं जाड. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळेल. पश्चिमेची, पावसाचा मारा झेलणारी भिंत कोकणात चित्रासाठी वापरूच नये. जून ते सप्टेंबर चित्रं उतरवून ठेवा आणि पुढचं प्रदर्शन तुळशीच्या लग्नानंतर लावा.