गेम अडखळतोय? सेटिंग या क्रमाने बदला

सगळ्या सेटिंग एकदम खाली आणू नका, नाहीतर नेमकं काय अडत होतं ते कळणारच नाही. आधी फक्त रिझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 करा आणि तोच सीन पुन्हा खेळा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) चांगला वाढला तर ताण ग्राफिक्स कार्डावर होता. जेमतेम हलला तर प्रोसेसर कमी पडतोय. तिथे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) कमी करून काही हाती लागत नाही, गर्दी आणि दूरवर दिसण्याचं अंतर कमी करा.

आता ग्राफिक्स मोड, म्हणजे गेम ग्राफिक्स कार्डाशी ज्या प्रणालीतून बोलतो ती. डायरेक्टएक्स 12 आणि व्हल्कन हे नवे मोड प्रोसेसरच्या अनेक कोअरवर काम नीट वाटून देऊ शकतात, पण मेमरी सांभाळायची जबाबदारी बरीचशी गेमवर येते. म्हणून जुन्या, कमी व्हीरॅमच्या (ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या) कार्डावर डायरेक्टएक्स 11 पुष्कळदा जास्त स्थिर चालतं. मोड बदलल्यावर गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. सुरुवातीला झटके बसले तरी लगेच मागे फिरू नका, शेडर (प्रकाश-रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने कंपाइल, म्हणजे कार्डासाठी तयार, होत असतात.

झटके थांबलेच नाहीत तर व्हीरॅम पाहा. 4 जीबी कार्डावर अल्ट्रा टेक्श्चर लावले की उरलेला डेटा साध्या रॅममध्ये जातो. सरासरी फ्रेमरेट 60 दिसतो, पण कॅमेरा झटकन वळवला की चित्र थबकतं. टेक्श्चर एक पायरी खाली घ्या.

नव्या मोडमध्ये गेम उघडलाच नाही तर सेटिंगच्या फाइलचं नाव बदला. बहुतेक गेम नवी फाइल बनवतात. आधी क्लाउड सेव्ह (गेमच्या फाइल इंटरनेटवर साठवणं) बंद करा, नाहीतर जुनीच फाइल परत येऊ शकते.