कुत्र्याच्या मालकाकडे तू स्वतः जा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्यावर तिन्हीसांजेला तुझ्या गाडीची धडक एका पाळीव कुत्र्याला बसली, माणसे जमून मारहाण करतील या भीतीने तू थांबला नाहीस, आणि आता वकील मित्राने ‘हा गुन्हाच होत नाही’ असे सांगितल्यावर काहीसा निर्धास्त झाला आहेस, असे तुझ्या पत्रावरून दिसते.

मित्राचे म्हणणे निराधार नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये अशाच एका प्रकरणातील फौजदारी कारवाई रद्द केली. बेदरकार वाहन चालवण्याचे कलम आणि अपघातानंतर थांबून मदत करण्याबद्दलचे मोटार वाहन कायद्याचे कलम 134 माणसाला झालेल्या इजेपुरते आहे, ते कुत्र्याला लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. जनावराला ठार किंवा जायबंदी करण्याबद्दलच्या भारतीय न्याय संहितेतील कलम 325 लाही हेतू किंवा जाणीव लागते, आणि तुझा तसा हेतू नव्हता. पण तुझ्यावर खटला चालावा की नाही, एवढ्याच प्रश्नाचे हे उत्तर आहे. ज्याचे कुत्रे दारात विव्हळत पडले आहे त्याचे देणे त्याने फिटत नाही.

कुत्रे जिवंत असेल तर आधी त्याच्याकडे पाहा. बाहेर रक्त दिसत नाही म्हणून पुष्कळ लोक हळद लावून थांबतात, आणि आतला मार मात्र कधी कधी दोन-तीन दिवसांनी डोके वर काढतो. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, लघवी होत नसेल किंवा श्वास पोटातून ओढून घ्यावा लागत असेल, तर पशुवैद्याकडे तातडीने न्यावे लागेल. 1962 वर फोन करून पशुवैद्यकीय मदतही मागता येते. उचलताना फळी किंवा ताणून धरलेली चादर वापरा, कारण दुखावलेले कुत्रे मालकालाही चावते. कोणाला चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

मालक कन्नड बोलणारा असेल तर मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तूच बोल. भाषेसाठी एखादा शेजारी सोबत घेतलास तरी चालेल, परंतु पुढाऱ्याला अजिबात नेऊ नकोस. आपल्या सीमाभागात दोन पुढारी समोरासमोर आले की विषय मराठी-कन्नडवर जातो आणि कुत्रे बाजूला राहते. ते रस्त्यावर मोकाट होते, हे खरे असले तरी त्या दारात उच्चारू नकोस. उपचाराचा सगळा खर्च घासाघीस न करता दे. कुत्रे गेले असेल तर मात्र आल्या आल्या पाकीट काढू नकोस. आधी त्याचा संताप ऐकून घे, मग भरपाईचे विचार. मालक मेंढपाळ असेल तर ते कुत्रे त्याच्या कळपाची राखण होते, आणि नवे पिल्लू राखणीला तयार होईपर्यंत रात्री त्यालाच जागावे लागेल, हे भरपाई ठरवताना ध्यानात घे. त्याने पैसे नाकारले तर फोन नंबर देऊन ये आणि आठवड्याने पुन्हा चौकशी कर.

जाताना तीच गाडी ने. कुत्र्याला बेळगावच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्या घरी वाहन असेलच असे नाही.

तुझा,
काका