खरेदीदाराचा नंबर देण्याआधी

अमेरिकेत घरांच्या होलसेलमध्ये (घर स्वतः न घेता त्याच्या खरेदीचं कॉन्ट्रॅक्ट करून ते फी घेऊन दुसऱ्या खरेदीदाराला सोपवणं) भागीदारी जरूर कर, पण खरेदीदारांची अख्खी यादी कुणाच्या हाती देऊ नकोस. घराचं कॉन्ट्रॅक्ट भागीदाराकडे आणि खरेदीदार तुझा, असं असेल तर आधी जेव्ही (जॉइंट व्हेंचर, म्हणजे भागीदारीचा) करार लेखी कर. त्यात असाइनमेंट फीचे, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट सोपवण्याबद्दल मिळणाऱ्या पैशांचे, वाटे हवेत, आणि तुझ्या खरेदीदाराशी परस्पर व्यवहार करायचा नाही हे कलम, मुदतीसकट. खरेदीदाराचं नावही घाल. नाहीतर ‘तो माझ्या आधीपासूनच ओळखीचा’ हे ऐकावं लागतं. (हे म्हणणारे फार गोड बोलतात.) फोटो, दुरुस्तीचा अंदाज खरेदीदाराला तूच पाठव. कराराची प्रत टायटल कंपनीला (घराची मालकी तपासून व्यवहाराचे पैसे वाटणारी कंपनी) आधीच दे, म्हणजे क्लोजिंगला, व्यवहार पूर्ण होताना, तुझा वाटा तिथूनच निघेल.

तरी डीड (खरेदीखत) नोंदलं की खरेदीदाराचं नाव, निदान त्याच्या एलएलसीचं (कंपनीचं), काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दप्तरात कुणालाही दिसतं. ते लपवण्यात दम घालवू नकोस. त्याला कुठला भाग, किती पडझडीचं घर, काय भावात चालतं, ही माहिती मात्र स्वतःपाशीच ठेव. टेक्सासात असशील तर आणखी एक: आपण घर नव्हे, कॉन्ट्रॅक्टमधला हक्क विकतोय हे खरेदीदाराला सांगणं २०१७ पासून कायद्याने लागतं. ते भागीदारावर सोडू नकोस, तूच लेखी कळव.