वाचक विचारतात : समितीची खोली कुठे असावी?

प्रश्न : ताई, मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात पंधरा वर्षं शिकवतेय. यंदा मला अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्ष केलंय, आणि लैंगिक छळ रोखायचा, ज्या मुलींना त्रास झालाय त्यांना आधार द्यायचा सगळा कार्यक्रम पण तुम्हीच चालवा म्हणून सांगितलंय. मागच्या फायली काढल्या तर दरवर्षी एक व्याख्यान, एक पोस्टर स्पर्धा आणि तक्रारी शून्य. आमचे सर म्हणतात, शून्य म्हणजे आपलं कॉलेज चांगलं. मला काही ते पटत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, शून्य म्हणजे मुली सांगत नाहीयेत, एवढंच. का सांगत नाहीत ते तुम्हाला माहितीच आहे. सकाळची पहिली एसटी धरून येणारी मुलगी, गावातून पुढे शिकणारी कदाचित तीच एकटी, तिला पक्कं ठाऊक असतं की हे घरी कळलं तर त्या पोराचं काय व्हायचं ते होईल पण आपलं कॉलेज उद्यापासून बंद आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लग्न. तिला भीती त्या पोराची असतेच, पण त्याहून जास्त आपण सांगितल्यावर पुढे काय होईल त्याची असते. तुमचं निम्मं काम ही दुसरी भीती कमी करायचं आहे.

म्हणून आधी खोली बघा. प्राचार्यांच्या केबिनशेजारी, ऑफिससमोर असेल तर ती बदलून घ्या, कारण तिथं मुलगी नुसती उभी राहिली तरी संध्याकाळपर्यंत स्टँडवर चर्चा होते. लायब्ररीच्या आतल्या बाजूला, आरोग्य तपासणीच्या खोलीत, कुठंही जिथं मुली एरवी पण जातात तिथं बसा.

दुसरं, निरोप कसा जातो ते बघा. हे मी स्वतः चूक करून शिकलेय. एका कॉलेजात मी बाहेरची सदस्य होते, एका मुलीनं मोठी हिंमत करून अर्ज दिला होता, आणि बैठकीच्या दिवशी शिपाई भर वर्गात जाऊन तिचं नाव घेऊन म्हणाला, समितीनं बोलावलंय. सगळा वर्ग वळून बघायला लागला. ती उठली, बॅग घेतली, जिन्यापर्यंत आली आणि तिथूनच स्टँडवर निघून गेली. आठ दिवस आली नाही. आली ती तक्रार मागे घ्यायचा अर्ज घेऊन, आणि अर्जावरचं अक्षर तिचं नव्हतं. निरोप कोण देणार, कसा देणार हे आम्ही कोणीच आधी विचारलं नव्हतं, मी पण नाही. कामाच्या जागी होणारा बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यात कलम 16 आहे, तक्रारदाराचं नाव-गाव, चौकशीतली माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. आम्हाला ते पाठ होतं. शिपायाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मुलगी सांगायला आली की पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. तू तिथं का गेलीस, तेव्हाच का नाही बोललीस, हे प्रश्न तोंडातून निघता कामा नयेत. पाणी द्या, दार तिला हवं तसं उघडं किंवा बंद ठेवा, आणि जबाब तिच्याच शब्दात लिहा, अहिराणी असली तर अहिराणीत. एक मुलगी सांगत होती, "त्यानी मना हात धरा, सोडेच ना", आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं काय तर 'गैरवर्तन केले'. पुढे समोरचा म्हणाला गैरवर्तन म्हणजे नेमकं काय, मी तर फक्त नोट्स मागत होतो. तिचं ते 'सोडेच ना' कागदावर असतं तर असं म्हणता आलं नसतं. शहादा, धडगावकडच्या मुली असतील तर पावरी-भिली बोलणारी एक बाई हाताशी ठेवा, पण ती त्यांच्या नात्यातली, गावातली नको.

नियम तुमच्या बाजूनं आहेत, ते वापरा. युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळाबद्दलचे 2015 चे नियम विद्यार्थ्यांना पण लागू आहेत. कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख अशा वरच्या पदावरच्यांना समितीत घेताच येत नाही, निम्म्या तरी बायका लागतात, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात आणि ते निवडून आलेले, सरांनी नेमलेले नाही. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण योग्य असेल तर आणखी तीन महिने मिळतात, चौकशी 90 दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना तक्रार एखाद्या सरांवर असेल तर तिचे पेपर त्यांच्याकडे तपासायला जाऊ नयेत, दोघांपैकी एकाची तुकडी बदलावी, तिला रजा मिळावी, अशी शिफारस करता येते, आणि हे निकालाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मधल्या त्या तीन महिन्यांतच मुली कॉलेज सोडतात. "मिटवून टाका" म्हणणारे येणारच, गावातले प्रतिष्ठित येतील, संस्थेतले पण येतील. समझोता फक्त तक्रारदार मुलीनं स्वतः मागितला तरच होतो आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही, हे त्यांना तोंडावर सांगा.

एक अवघड गोष्ट. तुमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुली असतील तर अठराच्या आतल्या मुलीवरचा लैंगिक गुन्हा कळल्यावर पोलिसांना सांगणं पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सक्तीचं आहे. म्हणून "कोणालाच सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका. बोलणं सुरू व्हायच्या आत हे सांगा, नाहीतर तिला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होतं. अठरा पूर्ण असलेल्या मुलीला मात्र तुम्ही स्वतःहून पोलीस ठाण्यात ओढून न्यायचं नाही. तिनं ठरवलं तर सोबत जायचं, हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची फिर्याद, मागायची. अत्याचार झाला असेल तर दवाखाना आधी. सरकारी असो की खाजगी, उपचार मोफत द्यावेच लागतात, मात्र दवाखाना पोलिसांना कळवतो, हे पण तिला अगोदर सांगा. एचआयव्ही रोखायची औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात. 181 ही महिला हेल्पलाइन आणि अत्याचार झालेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर यांच्याशी आज ओळख करून ठेवा, रात्री अकराला नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

व्याख्यान बंद करू नका, पण प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात घ्या, मुलांना पण बसवा, आणि मैत्रिणीनं असं काही सांगितलं तर तू काय बोलशील ते त्यांच्याकडून बोलून घ्या. आणि मुलींना कॉलेजचा साधा नकाशा देऊन विचारा, कुठून जायचं टाळता. सायकल स्टँडमागची जागा, लॅबचा मागचा जिना, संध्याकाळची शेवटची गाडी, सगळं त्या दाखवतात. मग ती यादी घेऊन डेपोत पण जा.

प्रश्न : यावल तालुक्यात केळीची शेती आहे. मुलगी जळगावला होस्टेलवर असते. एक मुलगा फोटो व्हायरल करीन म्हणून धमकावतोय असं तिनं आईला सांगितलं. तिला घरी घेऊन येऊ का?
– एक वडील

उत्तर : दादा, तिनं घरी सांगितलं, म्हणजे तुमच्या घरावर तिचा भरवसा आहे, तो मोडू नका. घरी आणली, फोन काढून घेतला तर धमकी देणारा जिंकला आणि पुरावा पण गेला. मेसेज डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, त्याला पैसे द्यायचे नाहीत, एकट्यानं भेटायला जायचं नाही, तुम्ही पण चार पोरं घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता पण करता येते, पण चौकशी पुढे जायची तर जळगावच्या सायबर पोलिसांकडे तिच्यासोबत जा, आणि तो मुलगा कॉलेजातलाच असेल तर समितीकडे पण अर्ज द्या.

आपल्या जळगावात 1994 ला बायका-मुलींच्या लैंगिक शोषणाचं जे प्रकरण उघडकीस आलं ते तुमच्या वयाच्या माणसाला आठवत असेल. फोटो दाखवूनच धमकावलं होतं, आणि कितीतरी बायका-मुली अब्रूच्या भीतीनं पुढे आल्या नाहीत. तुमची मुलगी बोललीय. आज रात्री तुम्ही स्वतः तिला फोन लावा, आईकडून निरोप नको, आणि "मी सोबत येतो, कॉलेज सुरूच राहील" हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या.