आफ्रिका-अभ्यासकांचा आंतरराष्ट्रीय माजी विद्यार्थी संघ बेळगाव-खानापुरात राहून उभा करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आफ्रिकन स्टडीजमध्ये एम.ए. करून खानापूरला परत आलात, वर्गातले केनिया, इथिओपिया, घानाचे मित्र आपापल्या देशी गेले आणि या सगळ्यांचा संघ उभारायचाय. येईल, नक्की येईल. मी बेळगावचा, विषयही हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

संघाचं नाव, घटना, अध्यक्ष कोण, हे आत्ता बाजूला ठेवा. नुसत्या वसतिगृहाच्या आठवणींवर चालणारा गट सणांच्या शुभेच्छांवर येऊन थांबतो. अभ्यासक टिकून राहतो तो त्याचं अडलेलं काम कुणीतरी पुढे सरकवतं म्हणून. पहिल्या पत्रात ख्यालीखुशालीबरोबर एवढंच विचारा: सध्या कशावर काम करताय, आणि कुठला कागद मिळत नाहीये?

आता आपण काय देऊ शकतो ते बघा, कारण इथंच आपली बाजू भक्कम आहे. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालत होता. त्या काळची पोर्तुगीज कागदपत्रं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. मोझांबिकच्या राजधानीतल्या, मापुतोच्या संशोधकाला तिथं पोचायचं तर व्हिसा, विमान, राहण्याचा खर्च. आपण चोर्ला घाट उतरलो की पणजी. पोर्तुगीज आपल्याला येत नसलं तरी त्यांना येतं. कागदपत्रांच्या कुठल्या बाडात काय आहे आणि प्रती मिळण्याचे नियम काय, एवढं चौकशी करून कळवलंत तरी त्यांचे कितीतरी महिने वाचतील. तसंच मूळच्या इथिओपियाच्या मलिक अंबरचं किंवा जंजिऱ्याच्या, आफ्रिकन वंशाच्या सिद्दींचं. इथिओपियातल्या अदिस अबाबाच्या मित्राला मराठी आणि मोडी साधनं कोण वाचून दाखवणार? आपणच.

आपल्या तालुक्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी राहतात. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा अनुसूचित जमातीत समावेश व्हायला 2020 उजाडलं. परदेशी सोबत्यांना तिथं न्यायचा मोह होईल. पण पाहुणे आले, डमामी (सिद्दींचा ढोल) वाजवून घेतली, फोटो काढले आणि गेले, असं कृपा करून होऊ देऊ नका. सिद्दी समाजातली शिकलेली मुलं-मुली आधी संघात घ्या, समान सभासद म्हणून. कशावर संशोधन व्हावं, हे त्यांनाही ठरवू द्या.

दुसरा धागा सीमेचा. 1964 साली आफ्रिकी राष्ट्रांनी कैरोत ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी मिळालेल्या सीमा तशाच मानायच्या. त्यामुळे एवे लोक घाना आणि टोगोत विभागलेलेच राहिले. 1956 नंतर सीमाभागात वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपली सीमा राज्यांमधली, त्यांची देशांमधली, हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण घरात एक, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा हा अनुभव दोन्हीकडचा आहे. आफ्रिकेतल्या सीमाभागांवर काम करणाऱ्यांचं एबॉर्न नावाचं जाळं 2007 पासून आहे. ते आवर्जून बघा. ते विषयाभोवती जमलंय, कुठल्या एका विद्यापीठाभोवती नाही, आणि मला तीच रचना जास्त पटते.

बाकी व्यवहाराचं. बैठक आपल्या संध्याकाळी साडेसातला ठेवा: नैरोबीत तेव्हा पाच, घानाच्या अक्रात दुपारचे दोन. इथिओपियाच्या मित्राला मात्र वेळ स्पष्ट करून सांगा, तिथं रोजच्या बोलण्यात तास पहाटेपासून मोजतात, त्यामुळे आपण ज्याला पाच म्हणतो ते त्यांचे अकरा. पत्ते आणि फोन नंबर विचारल्याशिवाय यादीत टाकू नका. काही जण अशा विषयांवर लिहितात की त्यांचं नाव बाहेर पडणं धोक्याचं ठरू शकतं. पैशाबाबत तर फारच जपून. परदेशी नागरिकांकडून संस्थेसाठी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, खजिनदाराच्या खात्यावर मागवून चालत नाही. सुरुवातीची काही वर्षं वर्गणीच ठेवू नका.

तुमच्या वर्गात मोझांबिकवर काम करणारं कुणी असेल तर त्याचा प्रश्न नेमका काय आहे ते इथंच लिहा. पणजीला मी तुमच्याबरोबर येतो.