सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला दीड एकर आहे, तिथे सीनियर लिव्हिंग काढलं तर चालेल का?

प्रश्न असा : वडिलोपार्जित दीड एकर जागा आहे, पुण्यासारखा, क्लबहाउसपासून लायब्ररीपर्यंत सगळ्या सोयींचा ज्येष्ठांच्या घरांचा प्रकल्प (सीनियर लिव्हिंग) करायचा विचार आहे, सांगली-साताऱ्याकडे हा धंदा चालेल का, अडचणी काय, संधी किती.

चालेल. पण तुम्ही प्रश्नात क्लबहाउस लिहिलंय, योगा हॉल लिहिलाय, मंदिर, वॉकिंग ट्रॅक, लायब्ररी, सगळं लिहिलंय. रात्री दोन वाजता वरच्या मजल्यावर कोण जागं असणार, हे कुठेच नाही. हा धंदा तिथेच बुडतो. मी या भागातल्या संस्थांचे जमाखर्च आणि ड्युटीचे तक्ते तपासतो, त्यामुळे क्लबहाउसबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. रात्रपाळीबद्दल येईल.

आधी एक हिशेब मांडा. समजा ३० खाटा, त्यातल्या २६ भरलेल्या. सुरुवातीला एवढ्याही भरत नाहीत, पण धरू. साधारण तिसरा हिस्सा माणसं अंथरुणाला खिळलेली किंवा धरून चालवावी लागणारी. दिवसा चार आणि रात्री तीन आया-मामा (शुश्रूषेला मदत करणाऱ्या बायका-पुरुष), बारा तासांची पाळी. म्हणजे सात जागा झाल्या. सात जागांना सात माणसं असं धरणाऱ्याचं गणित पहिल्याच दिवाळीत कोसळतं. आठवड्याची सुट्टी धरली की सातचे आठ होतात, आणि त्यात गावची जत्रा, भावाचं लग्न, पोराचा ताप धरला की पटावर नऊ माणसं लागतात. चौदा हजारांप्रमाणे १,२६,०००. दोन नर्स ४०,०००. स्वयंपाकी आणि दोन मदतनीस ४०,०००. व्यवस्थापक २२,०००. झाडलोट आणि धुण्याला दोघी २२,०००. पगार झाले अडीच लाख, वर पीएफ आणि ईएसआयचा (कामगार आरोग्य विमा) मालकाचा वाटा साधारण ४०,०००. दहा माणसं कामावर आली की ईएसआय लागतो आणि वीस झाली की पीएफ, त्यामुळे तो सुरुवातीपासूनच धरलेला बरा. जेवणखाण कर्मचाऱ्यांसकट १,३०,०००. वीज, गॅस, पाणी, साबण ४५,०००. डॉक्टरांच्या फेऱ्या १५,०००. दुरुस्ती २०,०००. इमारतीचं भाडं ९०,०००. जागा तुमची असली तरी भाडं धरा, नाहीतर तुम्ही स्वतःलाच फसवताय. बेरीज ५,९०,०००. २६ ने भागा. माणशी २२,७०० च्या आसपास, आणि यात तुमचा नफा एक रुपया नाही.

मग बारा-चौदा हजारांत ठेवून घेणारे कसे घेतात? काहींना देणग्या असतात, तो भाग वेगळा. बाकीच्यांनी कुठेतरी कापलेलं असतं. जेवणात कापलं तर रविवारी भेटायला आलेल्या मुलीला ताटात दिसतं. म्हणून रात्रीत कापतात, कारण रात्री बघायला कोणी येत नाही.

मिरजेजवळची एक संस्था आहे, नाव घेत नाही. विश्वस्त मंडळात सगळी भली माणसं, कुणी पैसा खाणारं नाही. अठरा रहिवासी, त्यातले आठ अंथरुणाला खिळलेले, आणि रात्री एकच बाई. आता बघा. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे दहा, बारा, दोन, चार, सहा, पाच वेळा. आठ जण गुणिले पाच, चाळीस वेळा. नुसतं वळवायचं नसतं. डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून पूर्ण कोरडं करून नवा लावायचा, पाठीमागे उशी देऊन तीस अंशांवर तिरकं ठेवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटरीखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते. भराभर केलं तरी दहा मिनिटं जातात. चाळीस वेळा दहा म्हणजे चारशे मिनिटं, जवळजवळ पावणेसात तास. रात्र आठ तासांची. त्यात बाकीच्या दहा जणांना लघवीला उठायचं असतं, कुणाचा कॅथेटर (लघवीची नळी) अडतो, कुणी साखर उतरून घामाघूम होतं. शिवाय पासष्ट किलोचं अंग एकटीला वळवता येत नाही, मग ओढतात, आणि ओढलं की चादरीवर घासून कातडी सोलते.

आणि तरी त्या संस्थेतला भिंतीवरचा तक्ता रोज पूर्ण भरलेला. डावी, पाठ, उजवी, पाठ, डावी. समोर सही. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने केलेल्या, शेवटची सकाळी सहाची. मी तो तक्ता पाहिला तेव्हा घड्याळात रात्रीचे साडेअकरा झाले होते.

त्या बाईला मी दोष देत नाही. तिला अशक्य काम दिलं होतं, तिने शक्य तेवढं केलं आणि तक्ता मागत होते म्हणून तक्ता भरला.

परिणाम ठरलेला. माकडहाडावर लाल डाग. असा डाग बोटाने दाबून बघायचा : दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर वेळ आहे, दाबूनही लालच राहिला तर कातडीखालच्या मांसाला इजा सुरू झालीय. सावळ्या अंगावर रंग कळत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघावं. तिथे तो डाग दिवसा अंघोळ घालणाऱ्या बाईला दिसला, तिने सांगितलं, वहीत नोंद झाली आणि पुढे काही नाही. महिन्याभरात जखमेत दोन बोटं जातील एवढं झालं. मग एअर बेड आणला. त्याचा पंप ज्या प्लगला होता त्याच प्लगवर रात्री मोबाइल चार्जिंगला लागायचे, आणि पंप बंद पडला की एअर बेड म्हणजे नुसती प्लॅस्टिकची चादर. चालू असला तरी कूस बदलणं सुटत नाही, हे तो विकणारा सांगत नाही.

रात्री आणखी एक बाई ठेवा, असा विषय मी बैठकीत लेखी दिला होता. सुट्ट्यांसकट खर्च डोई हजाराच्या आत. उत्तर मिळालं, "ही सेवा आहे, पगाराकडे बघणारी माणसं आपल्याला नकोत." त्याच बैठकीत प्रवेशद्वाराच्या कमानीचा खर्च मंजूर झाला. कमानीवर देणगीदाराचं नाव कोरता येतं. हा वाद मी तेव्हा हरलो, आजही माझं म्हणणं तेच आहे : सेवाभाव विश्वस्तांनी दाखवावा, फुकट राबून आणि देणग्या आणून. सातशे रुपये वाढवून मागणाऱ्या आयाकडून सेवाभावाची अपेक्षा करणं ही कंजुषीच.

तुमच्या इमारतीबद्दल. महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत : दारं ९०० मिलिमीटर, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, बाथरूममध्ये आधाराचे दांडे वगैरे. आर्किटेक्टला ती छापून द्या, आणि दोन गोष्टी स्वतः जाऊन बघा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं दार असलं आणि माणूस दाराला टेकून पडला की दार तोडावंच लागतं. दुसरं, आधाराचा दांडा पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साध्या स्क्रूवर बसवला तर तो फक्त टॉवेल पेलतो. बांधकाम चालू असतानाच त्या जागी भरीव वीट किंवा काँक्रीट घालून घ्या. टाइल्स लागल्यावर मिस्त्री "बसवतो की साहेब" म्हणेल. ऐकू नका.

सांगलीची खरी अडचण रॅम्पची आहे. पुराच्या भीतीने जोतं तीन फूट उचलतात, ते बरोबरच आहे. पण रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट लांबी, वर मध्ये एक सपाट थांबा. आराखड्यात एवढी जागा सोडलेली नसते, मग दहा-बारा फुटांत कोंबलेली घसरगुंडी होते आणि व्हीलचेअर चौघांनी उचलून न्यायची वेळ येते.

पुराचं तर वेगळं नियोजन लागतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. खिळलेली माणसं ४० च्या आतच हलवायची, तारीख-वार न बघता. नंतर रुग्णवाहिका मिळत नाही आणि आडव्या माणसाला बोटीत चढवणं म्हणजे त्याच्या मोडक्या हाडांशी खेळ. मिरजेत एखाद्या मंगल कार्यालयाशी जूनमध्येच बोलून ठेवा. जनरेटर आणि मीटर बोर्ड तळमजल्यावर नको.

साताऱ्याकडच्यांना पाचगणी-महाबळेश्वरचा मोह होतो. हवा छान, फोटो छान. पण जुलै-ऑगस्टमध्ये गाद्या वाळत नाहीत, दमेकऱ्यांचे हाल होतात, आणि रात्री छातीत दुखलं तर धुक्यात पसरणीचा घाट उतरायचा. उन्हाळ्यातले दोन महिने पाहुणे ठेवायला ती जागा, वर्षभर म्हातारपण काढायला सातारा शहर किंवा कराड. कराडात मोठं रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज हाताशी आहे, महामार्ग आहे. शिवाय सातारा जिल्ह्यात माजी सैनिक भरपूर. घरात नियमित पेन्शन येते, मुलं पुण्या-मुंबईला. दरमहा पैसे देऊ शकणारं गिऱ्हाईक हेच.

आता संधी, आणि इथे मी तुमचं मन वळवणार आहे. पुण्याची नक्कल करून फ्लॅट विकू नका. सांगलीत पासष्टीचा धडधाकट माणूस विश्रामबागेतलं स्वतःचं घर सोडून येत नाही, त्याला गरजच नाही. मिरजेकडे बघा. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, अथणी-विजापूरकडून पेशंट येतात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठवड्याच्या आत डिस्चार्ज. घरी जावं तर संडास अंगणापलीकडे, मुलगा पुण्यात, सून नोकरीला. त्या माणसाला सहा आठवडे हवे असतात : वॉकर, रोज फिजिओ, वेळेवर गोळ्या, रात्री धरून नेणारं कोणी. ही सोय या भागात फारशी नाही. ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. डिस्चार्जनंतरच्या आयाचा पगार त्यात बसत नाही. बारा खाटांवर सुरू करा, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना भेटा, कमिशन देऊ नका, जागा दाखवा. नर्सिंग आणि फिजिओच्या कॉलेजांतून मुलं-मुली मिळतात. बरा होऊन घरी गेलेला पेशंट चार घरांत सांगतो. कायमचे रहिवासी त्यातूनच येतात. फक्त आजारी-जखमी माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा द्यायला लागलात की ते नर्सिंग होम होतं आणि १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, ही रेघ आधी तपासून घ्या.

पैशाबद्दल एकच. अनामत घेतलीत तर ती वेगळ्या खात्यात ठेवा आणि माणूस गेला किंवा सोडून गेला तर किती दिवसांत, कोणाच्या नावे परत, हे करारात लिहा. नव्याच्या अनामतीतून जुन्याची अनामत फेडायला लागलात की दोन खाटा सलग रिकाम्या राहिल्या तरी गाडी थांबते. प्रवेशाच्या वेळीच आणखी एक कागद लिहून घ्या : मृत्यू झाला तर कोणाला फोन, परदेशातल्या मुलासाठी किती वेळ थांबायचं, शीतपेटीचा खर्च कोणाचा. अवघड वाटतं विचारायला, पण रात्री तीनला विचारणं त्याहून अवघड.

काही खुलासे राहिले. वरचे पगार आणि भाडं अंदाजाने धरलेत, तुमच्या गावचे आकडे घाला. बारा तासांची पाळी सगळीकडे चालते म्हणून तशी धरली. कायद्याने आठवड्याला ४८ तासांवरचं काम म्हणजे दुप्पट दराने ओव्हरटाइम. नीट आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्यात तर आया-मामा नऊच्या जागी चौदा लागतील आणि माणशी खर्च आणखी तीन हजारांनी वाढून पंचवीस हजारांच्या पुढे जाईल. तिथे दुसरी मेख आहे : आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेला साठीवरच्या रहिवाशांच्या राहण्या-जेवण्याच्या महिना २५,००० पर्यंतच्या आकारावर जीएसटी माफ आहे. तुम्ही खासगी कंपनी काढलीत तर ती सवलत नाही. सीएला आधी भेटा. डायपर या हिशेबात नाहीत. दिवसाला तीन-चार लागतात, त्यांचं बिल वेगळं लावा आणि तसं पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दर महिन्याला त्यावरूनच भांडणं होतील.

आणि जागेचा गट नंबर घेऊन पाटबंधारे खात्यात जाऊन या. निळ्या, म्हणजे नदीकडच्या, पूररेषेच्या आत असेल तर बांधकामाचा विषयच संपला, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असेल तर अटी वाचून मगच आर्किटेक्टला पैसे द्या.